हाफ तिकिटाचं वय

आमच्या वाटूर फाट्यावर कुणालाही वय विचारलं, की तो आधी विचारणाऱ्याकडे बघतो. विचारणारा कंडक्टर असेल तर लेकरू पाच वर्षांचं असतं, कारण पाचापर्यंत तिकीट पडत नाही. तहसीलचा माणूस असेल तर म्हातारा पासष्टच्या पुढे असतो. सोयरिकीला आलेले पाहुणे असतील तर पोरगी नुकतीच अठरा ओलांडलेली असते आणि पोरगा काही केल्या तिशीला पोचत नाही. यात कुणाला आपण खोटं बोललो असं वाटत नाही. मी उषाबाई, फाट्यावर चहाचं हॉटेल चालवते. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड आणि दोन बाकडी. माझंही वय आधार कार्डावर एक आहे आणि गुडघ्यात दुसरं. पण माझ्या वयानं माझं काही वाकडं केलं नाही. दैवशालाच्या वयानं तिचा घात केला, म्हणून तिचं सांगते.

आधार कार्डाचा कॅम्प शाळेत लागला होता तेव्हा जालन्याहून एक पोरगं मशीन घेऊन आलं होतं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. त्यानं वैतागून सगळ्यांची एक जानेवारी टाकली, आणि आमची अख्खी आळी एका दिवशी जन्माला आली. तारीख त्यानं ठरवली, पण साल आम्हाला विचारलं. दैवशाला तेव्हा चाळिशीची होती. तिचा नवरा रामराव शेजारी उभा होता. तो म्हणाला, साल अठ्ठावन्न लिही. त्याचा विचार सरळ होता. वय जास्त लागलं की निराधारचा पगार लवकर सुरू होतो. आमच्याकडे त्या पेन्शनला पगारच म्हणतात. दैवशालाचे केस तेव्हाच पिकायला लागले होते, तोंड उन्हानं रापलेलं. पोरानं वर न बघता साल टाकलं आणि ती एका मिनिटात चौदा वर्षांनी म्हातारी झाली. रामराव त्या दिवशी खूश होता. पुढं दोन वर्षांत तो गेला, आणि वेळ आल्यावर पगार मात्र दैवशालाला खरंच लवकर लागला.

मूलबाळ तिला नव्हतं. माझ्या हॉटेलाशेजारी टोपलं घेऊन बसायची, गाडी थांबली की उकडलेल्या शेंगा आणि पेरू घेऊन खिडक्यांखाली पळायची. पळायची म्हणते, कारण खरंच पळायची. आधारवरचं वय घेऊन कुणी तसं पळत नाही.

लॉकडाऊनमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावरून पायी परत यायला लागल्या तेव्हा भावना आमच्या फाट्यावर आली. नवरा वसंता पुढे, डोक्यावर गाठोडं घेऊन भावना मागे, आणि तिच्या मागे दोनेक वर्षांची पोरगी, स्वतःच्या पायानं चालत, हातात पाण्याची बाटली. मी त्यांना चहा दिला. पोरगी मला म्हणाली, "बिस्कुट हाय का?" एवढं स्पष्ट बोलत होती. ही गोष्ट पुढे फार कामाची होती, पण त्या वेळी ती कुणी लिहून ठेवली नाही.

ते आमच्याच आळीत राहिले. पुढच्या हंगामात वसंता एकटा कर्नाटकात गेला आणि परत आला नाही. भावना कापूस वेचायला, खुरपायला जायची, पोरीला दैवशालाजवळ ठेवायची. पोरीचं नाव अर्पिता. दैवशालाला ती मोठीमाय म्हणायची. गेल्या साली भावनाला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि दवाखान्यातून ती आलीच नाही. त्या दिवसापासून अर्पिता रात्री कुठे झोपणार हे कुणी ठरवलं नाही. ती दैवशालाच्या गोधडीत शिरली आणि तिथंच राहिली.

पोरगी अंगानं बारीक. दैवशाला तिला दर नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला न्यायची. गाडीत बसायच्या आधी पढवायची, कंडक्टरनं इचारलं की पाच म्हणायचं. पोरगी हुशार. ती नुसतं म्हणायची नाही, पंजा उघडून कंडक्टरच्या तोंडासमोर धरायची. कंडक्टर हसायचा. सहावं लागलं तरी पाच, सातवं लागलं तरी पाच. फाट्यावरची सगळीच लेकरं असं म्हणतात. माझ्या पोरांनी तर मिसरूड फुटेपर्यंत पाचच सांगितलं.

या जूनमध्ये दैवशाला तिला शाळेत घालायला गेली. धर्मराज गुरुजींनी जन्माचा दाखला मागितला. पोरगी जन्मली उसाच्या फडात, दाखला कुठला? मग आईबापाचं काही मागितलं. तेही नव्हतं. गुरुजी भले माणूस. म्हणाले, तुम्ही तिच्या कुणीच लागत नाही, उद्या कुणी येऊन नेली तर काय करणार? जालन्याला बालकल्याण समिती आहे, तिथं जा, रीतसर कागद करून घ्या, मग कुणी हात लावणार नाही.

दैवशालानं पोरीला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या, नवीन फ्रॉक घातला आणि स्वतःच्या हातानं जालन्याला घेऊन गेली. संध्याकाळी एकटी उतरली. माझ्या बाकड्यावर बसली. चौकशी होईपर्यंत पोरगी बालगृहात राहील, असं सांगितलं होतं. नंतर ती एकच वाक्य बोलली, "मीच नेली वं उषाबाई, मीच नेली." ते वाक्य पुढं कित्येक दिवस ती मधेच बोलायची, शेंगा निवडताना, पाणी भरताना. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

चौकशीला शीतल मॅडम आल्या. तरुण बाई, स्कूटीवरून आलेली, डोक्याला स्कार्फ. घर बघितलं, चूल, गोधड्या, पोरीची पाटी. आळीत विचारपूस केली. मीही जे होतं ते सांगितलं, बाटली हातात घेऊन आलेलं लेकरू मी पाहिलं होतं तेही सांगितलं. मॅडमना घर आवडलं, हे दिसत होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की प्रतिपालक म्हणून एक सोय असते. लेकरू कायमचं तुमचं होत नाही, पण तुमच्याकडे राहतं, तुम्ही वाढवता, समिती लक्ष ठेवते. दैवशाला हात जोडून म्हणाली, तेवढंच पाहिजे. मग मॅडमनी आधार कार्ड मागितलं. बघितलं आणि वही मिटली. एकट्या बाईला साठ वर्षांच्या आत असावं लागतं. कार्डावर तिचं वय सदुसष्ट झालं होतं.

दैवशाला म्हणाली, "मॅडम, ते खरं न्हाई. मी सुकडी हाय."

मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायची, तळी खोदायची कामं काढली होती, आणि कामावरच्या लोकांना पोटाला सुकडी वाटायचे, पिवळसर पीठ, गूळ-तेलात परतलेलं. दैवशालाची माय कामावरच बाळंत झाली. त्या दिवशी सुकडी वाटायला आली होती, म्हणून पोरीचं नाव सुकडी पडलं. दैवशाला हे नाव लग्नात सासरी ठेवलं. आमच्या भागात सुकडी नावाची बाई दिसली तर तिचं वय विचारायला नको. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, माझा विश्वास बसतो, पण समितीला नाव दाखवून चालत नाही.

मग आमची धावपळ सुरू झाली. दैवशाला कधी शाळेत गेली नव्हती, म्हणून दाखला नाही. सरकारी डॉक्टर म्हणाले, या वयात हाडांवरून काही सांगता येत नाही. अंबडला काकासाहेब वकील माझ्या ओळखीचे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मला कळलं की काही बरं नाही.

ते म्हणाले, "बाई, तुम्ही सदुसष्टच्या असाल तर पोरगी मिळत न्हाई. त्रेपन्नच्या असाल तर खोटं वय सांगून पगार उचलून राह्यल्या, असं होतं. आणि सरकारला फसवणाऱ्या बाईला सरकार लेकरू कसं देईल?"

दैवशाला म्हणाली, "पगार वापस करते. सगळा करते. टोपलं इकते, घर इकते."

वकील म्हणाले, वापस करणं म्हणजे कबूल करणं. ती म्हणाली, कबूलच करून राह्यले की. ती उठून उभी राहिली होती आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून होती. मला रामरावाचा इतका राग आला, की मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत हे मी विसरले. वकिलांनी शेवटी प्रतिज्ञापत्र करून दिलं. म्हणाले, खरं तेच सांगा, अध्यक्षबाई समजूतदार आहेत, एवढाच रस्ता आहे.

दर आठवड्याला तिला पोरीला भेटायला मिळायचं. ती शेंगा घेऊन जायची. तिथल्या बाया चांगल्या होत्या, पोरगी खाऊनपिऊन होती, पण प्रत्येक वेळी निघताना ती दैवशालाच्या पिशवीत स्वतःची चप्पल घालून ठेवायची, म्हणजे मोठीमायला तिला घेऊनच जावं लागेल. दैवशाला फाटकातून परत जायची आणि चप्पल देऊन यायची. हे ती मला सांगत बसायची. मी तिला चहा द्यायचे आणि तो निवून जायचा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिच्या केसांना काळी मेंदी लावली. कल्पना माझीच. सकाळी तिचे केस काळेभोर झाले, आणि कपाळ आणि एक डोळा सुजून टम्म झाला. आरशात बघून ती म्हणाली, आता तर मी सत्तरची दिसून राह्यले. आम्ही दोघी हसलो. त्या सगळ्या महिन्यांत आम्ही तेवढंच हसलो असू.

शहागडहून तिची मावशी गिरिजाबाई आली होती. नव्वदीची बाई, कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. समितीसमोर तिला खुर्ची दिली. अध्यक्षबाई मधोमध, शेजारी दोन सभासद, बाजूला शीतल मॅडम. गिरिजाबाईनं सांगितलं, की खडीवर आडोसा नव्हता, चार बायांनी लुगडी धरली, आणि हिची माय बाळंत झाली. मुकादमानं बाळंतिणीच्या वाट्याची सुकडी दुप्पट दिली. "ती डबल सुकडी म्या खाल्ली," गिरिजाबाई म्हणाली, "हिची माय खायच्या हालतीत नव्हती. इसरन का मी?"

अध्यक्षबाई हसल्या. मग दैवशालानं उभं राहून पगाराचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नवऱ्यानं वय वाढवलं, मी गप्प बसले, पगार घेतला, आता बंद करा, घेतलेला परत घ्या. सुजलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते रडण्याचं होतं की मेंदीचं, कुणाला कळलं नसेल. अध्यक्षबाईंनी कागद उलटून बघितले. म्हणाल्या, वय दुरुस्त करून घ्यावं लागेल, त्यासाठी मुदत देता येईल, घरभेटीचा अहवाल चांगला आहे. शीतल मॅडमनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. दैवशालानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली.

मग त्यांनी पोरीला आत आणलं.

अर्पिता आली ती थेट दैवशालाला बिलगली. तिथल्या बाईंनी तिला सोडवून समोर उभं केलं. अध्यक्षबाईंनी प्रेमानं विचारलं, नाव काय. सांगितलं. कुणाकडे राहायचं? बोटानं दैवशालाला दाखवलं. आम्हाला वाटलं, झालं. अध्यक्षबाईंनी सहज विचारलं, "आणि तू किती वर्षांची बाळा?"

पोरीनं दैवशालाकडे बघितलं. मोठी माणसं, टेबल, कागद, मोठीमाय घाबरलेली. तिला वाटलं, हीच ती वेळ. तिनं पंजा उघडला आणि अध्यक्षबाईंच्या समोर धरला.

"पाच," ती म्हणाली.

मग एक सभासद म्हणाले, अर्जात तर सात लिहिलंय. शीतल मॅडमनी मान खाली घातली. सहा वर्षांच्या आतलं लेकरू प्रतिपालकाकडे देत नाहीत, ते दत्तक जातं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, दैवशालालाही नव्हतं. आम्हाला एवढंच दिसलं की काहीतरी फाटलं.

दैवशाला पुढे झाली. "न्हाई बाई, सातची हाय ती. पाच मीच शिकवलंय. गाडीत तिकीट लागू नये म्हणून."

अध्यक्षबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मावशी, तुमचं वय तुम्ही पगारासाठी वाढवलं. पोरीचं तिकिटासाठी कमी केलं. आता तुम्ही सांगता ते दोन्हीतलं कोणतं खरं धरायचं आम्ही?"

मी बोलले, लॉकडाऊनमध्ये ती बाटली घेऊन चालत आली होती, बिस्कीट मागितलं होतं. अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. पण मीही त्याच फाट्यावरची, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. अर्पिताचा पंजा अजून वरच होता. कुणी हसलं नाही म्हणून ती गोंधळली होती. दैवशालानं जाऊन तिची बोटं मिटवली.

पोरीच्या हाडांचे फोटो काढले. अहवाल आला, पाच ते सहा. डॉक्टरांनी त्यांना दिसलं ते लिहिलं. पण आईच्या पोटात असल्यापासून जी उपाशी वाढली, फडात जिला दुधाऐवजी चहा मिळाला, तिची हाडं वयाइतकी कशी भरतील? हाडं लहान राहिली आणि कागदावर वयही लहान झालं. मी शीतल मॅडमना हे म्हटलं. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, मावशी, मी हे लिहून दिलंय वर. त्यांनी खरंच दिलं होतं, त्यावर माझा विश्वास आहे. वसंतासाठी पेपरात जाहिरात दिली, तो आला नाही. त्यानंतर पोरगी दत्तकाच्या संस्थेकडे गेली. कोणत्या गावात, ते सांगत नाहीत.

दैवशालाचं वय दुरुस्त झालं, तेही सांगून टाकते. ती आता कागदावर त्रेपन्नची आहे. पगार बंद झाला. साठीच्या कितीतरी आत आली, आणि जिच्यासाठी आली ती पोरगी हातची गेली.

पोरीला पाठवलं तेव्हा आम्ही शेवटचं जालन्याला गेलो होतो. पोरगी आदल्याच दिवशी गेली होती. शीतल मॅडम बाहेर व्हरांड्यात येऊन आमच्याशी बोलल्या. म्हणाल्या, चांगलं घर मिळेल तिला, शिकेल, काळजी करू नका. दैवशालानं विचारलं, "ज्येंच्याकडं जाईल त्येंचं वय काय असंल?"

मॅडम म्हणाल्या, "नियमात बसेल असंच."

दैवशालानं मान हलवली. तिच्या पिशवीत नव्या चपलांचा जोड होता, एक माप मोठा, वाढत्या पायासाठी. तो तिनं मॅडमच्या हातात दिला. पोचवता येईल की नाही हे मॅडमनी सांगितलं नाही, पण घेतला.

परतीची नांदेड गाडी मिळाली. गाडी अर्धी रिकामी होती. दैवशाला खिडकीशी बसली, मी कडेला, मधे तिनं पिशवी ठेवली. कंडक्टर देवानंद. या रस्त्यावर त्याची बरीच वर्षं गेली, आम्हाला ओळखतो, अर्पिताचा पंजा त्यानं दर नवरात्रात पाहिलेला. बायांना आता निम्म्यातच तिकीट असतं, वय विचारावं लागत नाही. त्यानं मशीनवर बोट ठेवून आमच्याकडे न बघताच म्हटलं, वाटूर दोन.

"दोन बाया आन एक हाफ," दैवशाला म्हणाली.

देवानंदनं वर बघितलं. मग सीटकडे बघितलं, मग मागच्या सीटवर. "पोरगी कुठाय?"

"सात वर्षांची हाय ती," दैवशाला म्हणाली. "हाफ लागतं तिला. कवापासून लागतं."

देवानंद माझ्याकडे बघत राहिला. गाडी गावाबाहेर पडत होती, पुढची माणसं तिकिटासाठी थांबली होती. दैवशाला हात पुढे करून बसली होती, हातात नोट. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधली जागा मोकळी केली.

"दे बाबा," मी म्हटलं, "फाड एक हाफ."

त्यानं फाडलं. दैवशालानं ते नीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि वाटूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.